माथेफिरू शास्त्रज्ञांचे जुने, स्वस्तातले भयपट कसे पाहावेत

टेकडीवरच्या घरात राहणारा एक रसायनतज्ज्ञ डॉक्टर उलट्या टांगलेल्या वटवाघळाला विजेच्या यंत्राने गरुडाएवढे मोठे करतो आणि दाढीनंतर गळ्याला चोळायच्या एका लोशनच्या वासावर झडप घालायला त्याला शिकवतो. ज्याचा काटा काढायचा, त्याच्या हातात तो त्या लोशनची बाटली मोठ्या प्रेमाने ठेवतो. १९४० च्या ‘द डेव्हिल बॅट’ या अमेरिकी चित्रपटाचे हे कथानक ऐकून कोणालाही हसू येईल, आणि यायला हरकतही नाही. मात्र निव्वळ खिल्ली उडवण्यासाठी असले चित्रपट लावणारा प्रेक्षक विसाव्या मिनिटाला कंटाळतो आणि घाबरण्यासाठी लावणारा त्याच्याही आधी. हे चित्रपट मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. गाठीला पैसा नसताना दिग्दर्शकाने कोणती गोष्ट कशी निभावून नेली, याकडे लक्ष ठेवले तरच ते शेवटपर्यंत रंगतात, असा माझा अनुभव आहे. तसे ते कसे पाहावेत, कोणता आधी घ्यावा आणि कोणत्या प्रतीच्या नादी लागू नये, हे पुढे सांगतो.

आधी हिशेब

मंदीच्या काळात प्रेक्षकांना पुन्हा चित्रपटगृहांकडे वळवण्यासाठी अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत १९३० च्या दशकात रुळली. मुख्य चित्रपटाला उत्पन्नातला टक्केवारीने वाटा मिळत असे. जोडीला लावलेल्या दुय्यम चित्रपटाला मात्र ठरावीक भाडे मिळे. चित्रपट कितीही चालला तरी हाती येणारी रक्कम साधारण आधीच माहीत असल्यामुळे नफा कमावण्याचा एकच मार्ग उरे, तो म्हणजे खर्च त्या रकमेच्या आत बसवणे. मोनोग्राम, पीआरसी, मॅजेस्टिक यांसारख्या छोट्या कंपन्या याच हिशेबावर तगून होत्या. हॉलिवूडमध्ये गॉवर स्ट्रीटच्या आसपास अशा कंपन्यांची दाटी होती आणि त्यावरून त्या सगळ्यांना मिळून ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे दरिद्री आळी, हे नाव पडले.

हा हिशेब ध्यानात ठेवला की चित्रपटातल्या अनेक ‘चुका’ चुका वाटेनाशा होतात. लांबी साठ-सत्तर मिनिटांची असते, कारण जोडीच्या चित्रपटाने त्याहून जास्त वेळ घ्यावा अशी कोणाचीच अपेक्षा नसे. बाहेर घडलेली गोष्ट पात्रे दिवाणखान्यात येऊन सांगतात, कारण बाहेर जाऊन चित्रीकरण करणे महाग पडे. खून झाला की वृत्तपत्राचा मथळा पडदाभर येतो. एका छापील कागदात सगळ्या गावाची घबराट दाखवून होते. नायक बहुधा वार्ताहर असतो, याचेही कारण हेच आहे. वार्ताहराला कोणाच्याही घरात शिरून प्रश्न विचारता येतात, आणि दोन माणसांची प्रश्नोत्तरे टिपण्याइतके स्वस्त चित्रीकरण दुसरे नाही. माथेफिरू शास्त्रज्ञ हे पात्रही गरिबाला परवडणारेच होते. भुताला वाडा लागतो, दरोडेखोराला घोडे लागतात. शास्त्रज्ञाचे काम एक खोली, चार चंबू, पांढरा अंगरखा आणि भरपूर बोलू शकणारा नट यांवर भागते.

प्रत निवडताना

अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे चित्रपटाच्या स्वामित्वहक्काचे २८ व्या वर्षी नूतनीकरण करावे लागे. यांतल्या कित्येक कंपन्या तोवर बुडालेल्या किंवा विकल्या गेलेल्या होत्या आणि नूतनीकरणाचे कोणी मनावर घेतले नाही. त्यामुळे यांतले अनेक चित्रपट तिथे सार्वजनिक मालकीचे झाले आणि आज ते इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. तोटा असा की, ज्याला कोणी मालक नाही त्याची निगाही कोणी राखत नाही. एकाच चित्रपटाच्या दहा प्रती सापडतात आणि त्यांतल्या आठ धुरकट असतात.

विद्यार्थिदशेत मी पदपथावरून एक डीव्हीडी घेतली होती, तिच्यावर असले दहा चित्रपट कोंबलेले होते. त्यांतले रात्रीचे प्रसंग म्हणजे काळ्या पाटीवर काळा खडू. छायाचित्रकाराला काही येत नव्हते, असे मी बरीच वर्षे मानत आलो. पुढे त्यांतल्याच एका चित्रपटाची स्वच्छ केलेली प्रत पाहिली, तेव्हा त्या काळोखात झाडे, कुंपण आणि पाठलाग करणारी माणसे असे सगळे नीट रचलेले दिसले आणि त्या अनोळखी छायाचित्रकाराची मी मनोमन माफी मागितली. म्हणून प्रत उघडल्याबरोबर मधला एखादा रात्रीचा प्रसंग आधी पाहावा. काळ्या कोटाची बाही मागच्या भिंतीपासून वेगळी दिसत असेल तर प्रत ठेवावी, नाहीतर दुसरी शोधावी. नंतर रंग भरलेल्या प्रती घेऊ नयेत, कारण या चित्रपटांतले निम्मे नेपथ्य सावल्यांनी उभे केलेले असते आणि रंग चढला की सावलीमागचा पुठ्ठा उघडा पडतो. याला एक सुरेख अपवाद आहे. १९३३ च्या ‘द व्हॅम्पायर बॅट’मध्ये मशालींच्या ज्वाळा मुळातच हाताने रंगवलेल्या होत्या आणि जीर्णोद्धार केलेल्या प्रतीत त्या पुन्हा रंगीत दिसतात.

लांबीही तपासून घ्यावी. दूरचित्रवाणीसाठी कापलेल्या प्रती आजही फिरत असतात आणि त्यांत नेमका तो प्रसंग गायब असतो ज्यासाठी चित्रपट लावला. आवाजासाठी कानाला हेडफोन लावावा. ध्वनिमुद्रण जुने, त्यात यांतल्या अनेक चित्रपटांचा नट बेला लुगोसी याचे हंगेरियन वळणाचे इंग्रजी, त्यामुळे आपोआप तयार होणारी उपशीर्षके भलतेच काही लिहितात.

कोठून सुरुवात करावी

स्वस्त चित्रपट समजण्यासाठी आधी एक सधन घरचा पाहावा, असे माझे मत आहे. युनिव्हर्सल कंपनीचा १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ अडीच लाख डॉलरहून अधिक खर्चून केलेला होता. जेम्स व्हेलचे दिग्दर्शन, जॅक पिअर्सची रंगभूषा, बोरिस कार्लॉफचा अभिनय आणि केनेथ स्ट्रिकफाडेनची विजेची यंत्रे यांतून त्याने जो साचा घडवला, तो पुढची तीस वर्षे बाकीच्यांनी पुन्हा पुन्हा वापरला. त्यातला राक्षसाला जिवंत करण्याचा प्रसंग दोनदा पाहावा. दुसऱ्यांदा पाहताना माणसांकडे लक्ष न देता फक्त यंत्रांकडे पाहावे. दोन उभ्या, वर फाकत गेलेल्या दांड्यांमधून सरसर चढत जाणारी विजेची कमान दिसेल. तिला ‘याकोबाची शिडी’ म्हणतात. ठिणगीने तापलेली हवा वर जाते आणि ठिणगीला सोबत घेऊन जाते, एवढेच तिचे शास्त्र. तिचा कथेतल्या प्रयोगाशी काडीचा संबंध नसतो, पण ती पडद्यावर आली की काहीतरी घडते आहे असे वाटते. स्ट्रिकफाडेनची यंत्रे पुढे किती काळ टिकावीत? १९७४ मध्ये या सगळ्याचे विडंबन करणारा चित्रपट निघाला, त्यातही तीच वापरली.

त्यानंतर लगेच ‘द व्हॅम्पायर बॅट’ घ्यावा. मॅजेस्टिकने तो युनिव्हर्सलच्या आवारात, दिवसाचे काम संपल्यावर रात्री चित्रित केला आणि त्यासाठी ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये दिसलेले गाव भाड्याने घेतले. आदल्या दिवशी पाहिलेल्या गल्ल्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या चित्रपटात ओळखू येणे ही या छंदातली पहिली गंमत. फ्रँकेन्स्टाइनच्या मदतनीसाचे काम करणारा ड्वाइट फ्राय इथे वटवाघळे पाळणारा गावचा वेडा आहे आणि गावकरी त्याच्याच मागे लागतात. खरा गुन्हेगार असलेला डॉक्टर, म्हणजे लायनेल अ‍ॅटविल, काचेच्या टाकीत स्पंजासारखा एक जिवंत गोळा वाढवतो आणि त्याला माणसांचे रक्त पाजतो. तो गोळा हालचाल करीत नाही, बोलत नाही, पाठलाग करीत नाही. इतका स्वस्त राक्षस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि अ‍ॅटविल त्याच्याकडे ज्या मायेने पाहतो तिच्यामुळे तो पुरतोही.

एक चित्रपट बारकाईने

यानंतर ‘द डेव्हिल बॅट’ शांतपणे, कागद-पेन्सिल घेऊन पाहावा. पीआरसीचा हा चित्रपट जीन यारब्रोने दिग्दर्शित केला असून तो सत्तर मिनिटांच्या आत संपतो.

पहिली नोंद सुरुवातीच्या मजकुराची करावी. लुगोसीने साकारलेला डॉक्टर पॉल कॅरदर्स हा गावाचा लाडका, कनवाळू माणूस आहे आणि घरच्या प्रयोगशाळेत तो काय करतो हे कोणाला माहीत नाही, हे पडद्यावर चक्क लिहूनच येते. ज्या ओळखीसाठी श्रीमंत चित्रपटाने दहा मिनिटे आणि पन्नास माणसे खर्ची घातली असती, ती इथे काही ओळींत उरकली. दुसरी नोंद कारणाची. कॅरदर्सच्या कोल्ड क्रीमच्या सूत्रावर सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचे मालक गब्बर झाले आहेत, आणि त्याने मात्र तेव्हा भागीदारी न घेता दहा हजार डॉलर रोख घेतले होते. मालक त्याला पाच हजारांचा बोनस देऊ करतात आणि तेच त्याला जिव्हारी लागते. ज्या कंपनीसाठी हा चित्रपट बनत होता तिथल्या लेखकांना आणि तंत्रज्ञांनाही कामाची रक्कम एकदाच मिळत असणार. हे बोचरे कारण कोणाच्या मनातून आले असेल, असा विचार पाहताना माझ्या डोक्यात येतोच.

मग लोशनच्या प्रसंगावर थांबावे. कॅरदर्स मालकाच्या तरुण मुलाला बाटली देतो आणि गळ्याच्या नाजूक भागावर चोळून पाहा, असे सुचवतो. कॅमेरा जवळजवळ हलत नाही, संगीत नाममात्र आहे. सगळा प्रसंग लुगोसीच्या डोळ्यांवर आणि शब्दांमधल्या विरामांवर तोललेला आहे. मुलगा निघताना त्या रात्रीपुरता निरोप घेतो, तेव्हा कॅरदर्स कायमच्या निरोपाचा शब्द वापरतो. घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे त्या मराठी प्रेक्षकाला ही खोच समजावून सांगावी लागत नाही. पुढच्या प्रत्येक बळीच्या वेळी तो शब्द परत येतो आणि तिसऱ्या खेपेला आपण त्याची वाट पाहू लागतो.

वटवाघूळ झेपावते तेव्हा ते तारेवरून घसरणारे बाहुले आहे हे लगेच दिसते. इथे हसून घ्यावे आणि प्रसंग मागे नेऊन संकलन पाहावे. बाहुल्याच्या दृश्यांना जोडून खऱ्या वटवाघळाच्या तोंडाचे जवळून घेतलेले चित्रण येते, मग किंकाळी, मग बळीचे हात. बाहुले एकटे सलग फार वेळ दिसणार नाही, याची काळजी घेतलेली आहे. आणि लेखकाला आपल्या बाहुल्याची कल्पना नव्हती असेही नाही. वार्ताहर आणि त्याचा छायाचित्रकार खोटे वटवाघूळ बनवून त्याचे छायाचित्र छापतात आणि त्याच्यावरच्या ‘मेड इन जपान’ या चिठ्ठीमुळे पकडले जातात. खोट्या वटवाघळाच्या चित्रपटात खोट्या वटवाघळाचा विनोद करायला हिंमत लागते.

इंजेक्शनात काय आहे ते पाहावे

या चित्रपटांतले शास्त्र कोणी गांभीर्याने घेऊ नये. पण शास्त्रज्ञ कोणत्या पदार्थाने प्रयोग करतो यावरून चित्रपटाचा काळ ओळखता येतो आणि त्या त्या वेळी लोकांना कशाचे आकर्षण नि धास्ती होती, हेही कळते. १९३० च्या दशकाच्या आरंभी वीज आणि कृत्रिम जीव यांचा जोर असतो. त्यानंतर ग्रंथींची पाळी येते. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ हा शल्यवैद्य तारुण्य परत मिळवून देण्याच्या नावाखाली माकडांच्या ग्रंथींचे तुकडे माणसांत बसवत होता आणि इन्सुलिनच्या शोधामुळे ग्रंथींविषयी वाटेल ते शक्य वाटू लागले होते. त्याचे पडसाद १९४२ च्या ‘द कॉर्प्स व्हॅनिशेस’मध्ये उमटतात, त्यातला लुगोसी पत्नीला तरुण ठेवण्यासाठी लग्नाच्या वेदीवरच्या नवऱ्यामुली पळवतो. कॅरदर्सची विद्यासुद्धा विजेने ग्रंथी उत्तेजित करण्याचीच आहे.

पोलिओच्या भीतीतून पाठीच्या कण्यातला द्रव आला. मोनोग्रामच्या १९४० च्या ‘द एप’मध्ये कार्लॉफचा डॉक्टर एका पांगळ्या मुलीला बरे करण्यासाठी तो द्रव मिळवतो आणि त्यासाठी माकडाचे कातडे पांघरून माणसे मारतो. मेलेल्याला उठवण्याचा विषय तर वृत्तपत्रांतूनच आला होता. बर्कली येथील रॉबर्ट कॉर्निश याने १९३४ मध्ये मारलेल्या कुत्र्यांना फळीवर बांधून, झोके देऊन आणि औषधे टोचून पुन्हा जिवंत करण्याचे प्रयोग केले होते. कोलंबिया कंपनीने १९३९ पासून कार्लॉफला घेऊन अशाच डॉक्टरांची जी मालिका काढली, तिच्यातला पहिला ‘द मॅन दे कुड नॉट हँग’ त्या बातम्यांच्या सावलीत पाहावा. १९४५ नंतर सगळीकडे अणू शिरतो. १९५९ मध्ये रॉजर कॉर्मनच्या ‘द वॉस्प वूमन’मध्ये गांधीलमाशीची रॉयल जेली येते, कारण तेव्हा मधमाश्या राणीमाशीला भरवतात ती रॉयल जेली सौंदर्यप्रसाधनांत गाजत होती.

‘द डेव्हिल बॅट’ आणि ‘द वॉस्प वूमन’ एका संध्याकाळी पाठोपाठ लावावेत, अशी माझी खास शिफारस आहे. दोन्हींत सौंदर्यप्रसाधनांची कंपनी आहे. पहिल्यात नाडला गेलेला नोकर सूड घेतो, दुसऱ्यात वाढत्या वयाबरोबर धंदा घसरलेली मालकीण स्वतःवरच प्रयोग करून घेते. मूळ पद्धतही अशी दोनाचीच होती. तिसरा लावू नये; डोके जड होते.

राक्षस आणि त्याची रंगभूषा

राक्षस पहिल्यांदा केव्हा पूर्ण दिसतो ते मिनिट लिहून ठेवावे. मुखवटा कच्चा असला की शहाणा दिग्दर्शक तो उशिरा दाखवतो, आणि ज्याचा आपल्या मुखवट्यावर विश्वास आहे तो लवकर. १९४२ च्या ‘द मॅड मॉन्स्टर’मध्ये शास्त्रज्ञ झालेला जॉर्ज झुको लांडग्याचे रक्त टोचून एका साध्याभोळ्या गड्याचा लांडगा-माणूस करतो. तो गडी ग्लेन स्ट्रेंजने केला असून पुढे युनिव्हर्सलच्या चित्रपटांत फ्रँकेन्स्टाइनचा राक्षसही त्यानेच साकारला. रूपांतर झाल्यावरही त्याच्या अंगात शेतगड्याचेच कपडे राहतात आणि त्यामुळे तो भीतिदायक कमी, केविलवाणा जास्त वाटतो. माझ्या मते हे चित्रपटाच्या पथ्यावर पडले आहे. याच चित्रपटात झुको आपली टर उडवणाऱ्या प्राध्यापकांशी वाद घालतो, आणि ते प्राध्यापक केवळ त्याच्या कल्पनेत, पारदर्शक होऊन समोर बसलेले असतात. एका फिल्मवर दुसरी छापण्याची ही जुनी युक्ती झुकोच्या वेडाचे सगळे निदान करून टाकते.

टेक्ससमध्ये चित्रित झालेल्या १९५९ च्या ‘द किलर श्रूज’मध्ये राक्षसी चिचुंद्र्यांचे काम कुत्र्यांनी केले आहे, त्यांच्या अंगावर झुली घातल्या होत्या आणि जवळच्या दृश्यांसाठी हातात घालायची बाहुली वापरली. त्यांची शेपटी आनंदाने हलते का, याकडे लक्ष ठेवावे. १९५८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन्स डॉटर’ची हकीकत तर रंगभूषाकाराच्या धंद्यातली दंतकथाच झाली आहे. राक्षस स्त्री आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, तोवर पुरुष नट रंगवून तयार झाला होता, म्हणून ओठांना लिपस्टिक फासून काम चालवले.

शेवटाविषयी उत्कंठा बाळगू नये. पडद्यावर काय दाखवावे याचे नियम घालणाऱ्या, १९३४ पासून काटेकोरपणे लागू झालेल्या हॉलिवूडच्या निर्मितिसंहितेप्रमाणे गुन्हेगाराला शासन होणे भाग होते, त्यामुळे शास्त्रज्ञ मरणार हे नक्की असते. तो आगीत जातो, स्फोटात जातो, की आपल्याच राक्षसाच्या हातून, एवढेच पाहायचे उरते.

दोन शेवटचे चित्रपट

एड वुडचा १९५५ चा ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’ उशिरा घ्यावा, कारण लुगोसीला आधी तरुण पाहिलेला असला पाहिजे. यात अणुशक्तीने अतिमानव घडवू पाहणाऱ्या डॉक्टर व्होर्नॉफची भूमिका करताना तो सत्तरी ओलांडलेला होता. प्रयोगशाळेतले किरणयंत्र म्हणजे छायाचित्रे मोठी करण्याचे यंत्र आहे. रबरी ऑक्टोपस जागचा हलत नाही. ज्याला तो खातो त्यालाच त्याचे पाय स्वतःभोवती गुंडाळून घ्यावे लागतात. पैसा पुरवणाऱ्या मांसव्यावसायिकाने आपल्या मुलाला नायक करण्याची आणि शेवटी स्फोट दाखवण्याची अट घातली होती, असे सांगितले जाते. दोन्ही गोष्टी चित्रपटात आहेत. मात्र मायदेशी चल, असा निरोप घेऊन आलेल्या माणसाला व्होर्नॉफ आपल्याला घरच उरले नाही असे सांगतो, तेव्हा खोलीत कोणी हसत असेल तर त्याला गप्प करावे. हंगेरी सोडून आलेला, कामासाठी मिळेल त्या दारात उभा राहिलेला म्हातारा नट ते वाक्य बोलतो आहे. १६ ऑगस्ट १९५६ रोजी तो वारला.

सर्वांत शेवटी ‘द ब्रेन दॅट वुडंट डाय’ ठेवावा. तो १९५९ मध्ये चित्रित झाला आणि १९६२ मध्ये प्रदर्शित झाला. अपघातात मेलेल्या वाग्दत्त वधूचे मस्तक शल्यवैद्य तबकात जिवंत ठेवतो आणि तिच्यासाठी देह शोधत रात्रीच्या क्लबांतून हिंडतो. व्हर्जिनिया लीथ टेबलाखाली बसून केवळ चेहऱ्याने काम करते, आणि मला मरू दे, असे म्हणणारी ती एकटीच त्या घरात शहाणी वाटते. कपाटात कोंडलेला राक्षस साकारणारा एडी कार्मेल प्रत्यक्षातही असामान्य उंचीचा होता आणि तो शेवटच्या काही मिनिटांपर्यंत दिसत नाही. दारावरची धडधड तेवढी ऐकू येते. याची कापलेली प्रत मूळ प्रतीहून सुमारे दहा मिनिटांनी लहान असते, तेव्हा ऐंशी मिनिटांपेक्षा मोठी प्रत शोधावी. आणि शेवटची पाटी येईपर्यंत चित्रपट बंद करू नये. सुरुवातीच्या नावात ‘ब्रेन’ असले तरी शेवटच्या पाटीवर ‘द हेड दॅट वुडंट डाय’ असेच लिहिलेले आहे. प्रदर्शनापूर्वी नाव बदलले आणि ती पाटी नव्याने करून घ्यायचे राहून गेले.